साडेपाचशेची बाटली

750 मिलिलिटर वाइनला एक किलोहून थोडी अधिक द्राक्षं लागतात. ती पिकवायची, पहाटे तोडायची, थंड टाकीत आंबवायची, गाळायची, काचेत भरून झाकण लावायचं, लेबल चिकटवायचं आणि खोक्यात घालून दुकानापर्यंत पोचवायची. वाटेत शेतकऱ्याचा, वायनरीचा, वितरकाचा आणि दुकानदाराचा वाटा निघायला हवा, सरकारचा कर भरायला हवा. एवढं सगळं होऊन बाटली 550 रुपयांना मिळत असेल, तर तिच्यात चांगलं काय उरत असेल?

‘परवडणारी चैन’ हा यंदाच्या अंकाचा विषय संपादकांनी कळवला, तेव्हा मला पहिल्यांदा हाच प्रश्न सुचला. नाशिकमध्ये राहणाऱ्याला त्याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. गंगापूर धरणाच्या बाजूला शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. राजीव सामंत यांनी तिथे उभी केलेली सुला आता शेअर बाजारात नोंदलेली कंपनी आहे. तिच्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. मला बघायची होती ती दुसरी जात: घरचे चार-सहा एकर, शेजाऱ्यांचे थोडे, पत्र्याची एक शेड, स्टीलच्या मोजक्या टाक्या आणि गिऱ्हाईक आलं की घरातलंच कुणीतरी उघडतं ती टेस्टिंगची खोली. दिंडोरी तालुक्यात, वणीच्या रस्त्यावरून आत वळल्यावर अशी एक वायनरी आहे. तिचं नाव मी इथे देत नाही, कारण हा लेख एका दुकानाची शिफारस होऊ नये अशी माझी इच्छा आहे. जे तिथे पाहिलं ते नाशिक जिल्ह्यातल्या अनेक छोट्या वायनऱ्यांना लागू पडतं. मालकांना सगळे आबा म्हणतात, मीही तेच म्हणेन.

पहाटेची तोडणी

फेब्रुवारीच्या मध्यावर पहाटे चारला या भागातली हवा अंगाला झोंबते. पलीकडच्या निफाडचा पारा किती उतरला याची बातमी थंडीत रोज पेपरात येते. दिंडोरीत तेवढा कडाका नसला तरी कादवेच्या काठाला स्वेटरशिवाय उभं राहवत नाही. आबांच्या चेनिन ब्लांच्या तुकड्यात पेठ आणि सुरगाण्याकडून आलेल्या बायकांची टोळी डोक्याला बॅटऱ्या बांधून उभी होती. हातात कात्री, पायाशी प्लॅस्टिकचे क्रेट. घड कापला की बॅटरीच्या उजेडात एकदा फिरवून बघायचा, कुजका भाग दिसला तर तिथेच छाटायचा, मग क्रेटमध्ये.

टोळीची मुकादम पन्नाशीची होती. खायच्या द्राक्षाच्या तोडणीत आणि या तोडणीत फरक काय, असं विचारल्यावर तिने घड देठाला धरून दाखवला. “त्या मालाला बोट लावायचं नाही. मण्यावरची लव पुसली की व्यापारी भाव पाडतो. ह्याला रूप नको. पण सडका मणी एक जरी गेला तर आबा ओरडतात.” मणी चाखून बघितला का, या प्रश्नावर ती हसली. “गोड लई आहे. पण बियाच बिया.”

सूर्य वर यायच्या आत तोडणी उरकायची, असा इथला नियम आहे. द्राक्ष गार असतं तेव्हा त्याचा रस काळवंडत नाही, आणि आपल्या मनाने आंबायलाही लागत नाही. दुपारी तोडलेला माल शेडमध्ये येतो तोच तापलेला, मग तो थंड करायला चिलर चालवावा लागतो आणि विजेचं बिल चढतं. आबा म्हणाले, “बागेत थंडी फुकट आहे, ताई. टाकीत ती विकत घ्यावी लागते.” स्वस्त बाटलीचं गणित त्या एका वाक्यापासून मला समजायला लागलं. परदेशी यंत्राने किंवा महागड्या पिंपाने जे साधतं, त्यातलं बरंचसं इथे पहाटे उठून साधलं जातं.

खायचं द्राक्ष, प्यायचं द्राक्ष

नाशिकच्या शेतकऱ्याला द्राक्ष शिकवायला कुणी जायची गरज नाही. थॉमसन, सोनाका, शरद सीडलेस ही नावं इथे घरातल्या माणसांसारखी घेतली जातात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरता सरता फळछाटणी, मग डोळे फुटायला पेस्ट, विरळणी, जीए या संजीवकाच्या द्रावणात घड बुडवणं, आणि सतत आकाशाकडे डोळे. मणी फुगला पाहिजे, चकचकीत दिसला पाहिजे, युरोपला जाणाऱ्या पेटीत एकसारखा बसला पाहिजे. बागाईतदाराचं सगळं कसब मणी मोठा करण्यात आहे.

वाइनला याच्या नेमकं उलटं लागतं. मणी लहान हवा, साल जाड हवी, बी असली तरी चालते. रंग, वास आणि तुरटपणा सालीत असतो, गरात मुख्यतः साखर, आंबटपणा आणि पाणी. मणी जितका लहान, तितकं रसाच्या मानाने सालीचं प्रमाण जास्त. म्हणून एकरी उत्पादन मुद्दाम आवरतं ठेवावं लागतं. खायच्या द्राक्षाचे एकरी दहा टन आणि त्याहून अधिक काढणाऱ्या माणसाला चार-पाच टनांवर थांब म्हणणं सोपं नाही. हातातोंडाशी आलेले घड कापून जमिनीवर टाकताना आबांच्या वडिलांना वाईट वाटायचं. त्या दिवशी ते बागेकडे फिरकत नसत, असं आबांनी सांगितलं.

जमिनीचंही तसंच. कसदार काळ्या रानात वेल पानांनी माजतो. वाइनच्या वाणाला मुरमाड, उताराची, पाणी न धरणारी जमीन मानवते. आबांची शिराज ज्या माळावर आहे तिथे आधी बाजरीसुद्धा धड येत नव्हती. डॉगरिजच्या खुंटावर कलम बांधल्यामुळे पाण्याची ओढ बसली तरी वेल तग धरतो. खुंट, अंतर, छाटणीची वेळ यांवर पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने बरंच काम केलं आहे आणि आबा तिथल्या चर्चासत्रांना आवर्जून जातात.

पण वाइनच्या द्राक्षाला एक मोठा धोका आहे आणि तो रोगराईचा नाही. डाऊनी आणि भुरी दोन्ही बागांवर येतात. खायचं द्राक्ष व्यापाऱ्याने नाकारलं तर ते दुसऱ्या बाजारात जातं, अगदीच नाही तर बेदाण्याला जातं. चेनिन किंवा शिराज वायनरीने उचलली नाही, तर तिला बाजारच नाही. 2001 साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूरला आणि सांगलीतल्या पलूसला वाइन पार्क निघाले, आणि जिल्ह्यात वाइनच्या वाणांची लागवड झपाट्याने वाढली. मग 2008 साली जगभर मंदी आली, नोव्हेंबरात मुंबईच्या हॉटेलांवर हल्ला झाला, पर्यटक आटले, वाइनचा खप घसरला. वायनऱ्यांच्या टाक्या आधीच्याच मालाने भरलेल्या. पुढच्या काही वर्षांत नारायणगावची इंडेज कोसळली. ओमर खय्याम नावाची फेसाळती वाइन काढून भारतीय वाइनला बाहेर नाव मिळवून देणारी हीच कंपनी. आबा तेव्हा एका वायनरीला नुसते द्राक्ष पुरवत होते. 2009 च्या हंगामात त्यांची शिराज कुणी उचलली नाही. आसपासच्या अनेकांनी कुऱ्हाड लावून पुन्हा थॉमसन लावली. आबांनी बाग ठेवली. पुढे कर्ज काढून एका बंद पडलेल्या वायनरीच्या टाक्या विकत घेतल्या आणि स्वतःचा परवाना काढला. त्यांच्या स्वस्त बाटलीचं एक कारण तिथे आहे: स्टील जुनं आहे, त्याचे हप्ते कधीच फिटले आहेत.

टाकीत काय होतं आणि काय होत नाही

ट्रॅक्टरची ट्रॉली शेडपाशी आली तेव्हा नुकतं उजाडत होतं. घड यंत्रात पडतात, देठ एका बाजूने बाहेर येतात, मणी फुटून दुसऱ्या बाजूने जातात. पांढऱ्या वाइनसाठी लगेच दाब देऊन रस काढायचा. दाब हलका हवा, जास्त दाबलं तर बी आणि साल यांचा कडवटपणा उतरतो. पहिला, आपसूक निथळणारा रस सगळ्यात स्वच्छ. तो रात्रभर थंड टाकीत ठेवला की गाळ खाली बसतो. मग वरचा नितळ रस दुसऱ्या टाकीत घेऊन त्यात यीस्ट सोडायचं. यीस्ट साखर खातं, त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. 22 ब्रिक्सच्या (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) रसातून साधारण साडेबारा टक्क्यांची वाइन होते. पांढरी वाइन पंधरा अंशांच्या आसपास दोन-तीन आठवडे सावकाश आंबू द्यायची. तापमान चढलं की आंबणं वेगाने उरकतं आणि फळाचा वास वायूबरोबर उडून जातो. इथेच चिलर, आणि दिंडोरीसारख्या ठिकाणी वीज गेली की जनरेटर.

रेड वाइनला सालीसकट आंबवतात, कारण रंग सालीतच असतो. वायूच्या जोराने साली वर येतात आणि जाड थर धरतात. तो थर सुकू द्यायचा नाही, म्हणून दिवसातून अनेकदा खालचा रस पंपाने वर आणून त्यावर शिंपायचा. वाइनमेकर तिशीतला, अन्न तंत्रज्ञान शिकलेला. काही हंगाम त्याने एका मोठ्या वायनरीत टाक्या धुण्यापासून सगळं केलं आहे. तो रात्री दोनदा उठून हे करतो. त्याची खाट टाक्यांच्या शेजारच्या खोलीतच आहे.

मी त्याला विचारलं, स्वस्त वाइन करताना तू काय वगळतोस? तो बराच वेळ विचार करून बोलला. ओकची पिंपं वगळतो. 225 लिटरच्या एका फ्रेंच पिंपात 300 बाटल्या मावतात, पिंपाची किंमत हजारोंत आणि काही वर्षांत त्याचा गुण उतरतो. ते परवडत नाही. वेळ वगळतो, म्हणजे वाइन मुरवत वर्षानुवर्षं ठेवत नाही. जाड काच आणि लांब बूच वगळतो, त्याऐवजी फिरकीचं झाकण लावतो. “धुणं वगळत नाही,” तो म्हणाला. टाकी रिकामी झाली की धुवायची, भरायच्या आधी धुवायची, पाइप धुवायचे, जमीन धुवायची. शेडमध्ये उभं राहिल्यावर माझ्याही लक्षात आलं की तिथे कुठेच आंबूस, शिळा वास नव्हता. घाणीतून जंतू येतात, जंतूंमुळे व्हिनेगरकडे झुकलेली वाइन होते. ती लपवायला मग साखर वाढवावी लागते. खूप गोड आणि खूप स्वस्त वाइनबद्दल मनात येणारी शंका पुष्कळदा रास्त असते, ती यामुळे.

आणखी एक गोष्ट तो मोकळेपणाने बोलला. नाशिकच्या उन्हात साखर लवकर भरते आणि आंबटपणा तेवढ्याच लवकर उतरतो. म्हणून तोडणीचा दिवस ठरवताना तो रोज सकाळी बागेत जाऊन ब्रिक्स मोजतो, आम्ल तपासतो आणि बी चावून बघतो. बी तपकिरी आणि कुरकुरीत झाली म्हणजे मणी खरा पिकला. आम्ल कमी पडलं तर टार्टरिक आम्ल घालावं लागतं. हे आम्ल द्राक्षातच असतं आणि उष्ण प्रदेशात ते सगळीकडे घालतात. किती कमी घालावं लागलं यावर तो स्वतःला मार्क देतो.

ओट्यावरचे ग्लास

टेस्टिंगची खोली म्हणजे घराच्या पडवीचाच भाग. ग्रॅनाइटचा ओटा, चार उंच स्टुलं, खिडकीतून दिसणारी बाग. बाटल्या उघडतात आबांच्या सूनबाई. लग्नाआधी घरात कधी वाइन पाहिलेली नव्हती, असं त्या सांगतात. आता वास घेऊन कोणत्या टाकीतली वाइन हे त्या ओळखतात.

पहिली चेनिन ब्लां, 550 रुपये. हा वाण मूळचा फ्रान्समधल्या लुआर नदीच्या खोऱ्यातला. दक्षिण आफ्रिकेत खूप रुजला आणि नाशिकमध्येही, कारण उन्हातही तो आंबटपणा बराचसा टिकवून धरतो आणि उत्पादन बऱ्यापैकी देतो. ग्लास नाकाशी नेला की आधी अननस येतो, मग पिकत आलेला पेरू आणि मागे किंचित मध. चवीला सुरुवातीला हलकी गोडी, ती टिकते न टिकते तोच मोसंबीसारखा आंबटपणा तिला पुसून टाकतो. घोट गिळल्यावर तोंड स्वच्छ राहतं. लांबवर रेंगाळणारं काही नाही, थरावर थर नाहीत. पण बेसूरही काही नाही. मी ग्लास तसाच ठेवून अर्ध्या तासाने पुन्हा वास घेतला. स्वस्त वाइनची खरी परीक्षा थंडी उतरल्यावर होते, कारण गारव्याने दोष झाकले जातात. अननस थोडा मंद झाला होता, बाकी सगळं जागेवर होतं. या किमतीला ही वाइन मला उत्तम वाटते आणि हे मी विचारपूर्वक लिहिते आहे.

सोव्हिन्यो ब्लां 600 रुपयांची. नुकतं कापलेलं गवत, हिरव्या मिरचीचं देठ, कच्चा पेरू, तिखट-आंबट ताजेपणा. कुणाला हा हिरवेपणा आवडणार नाही. मला आवडला, पण शेवटी एक कडवट टोक राहतं. वाइनमेकरनेच आपण होऊन सांगितलं की त्या तुकड्यात यंदा पानांची दाटी जास्त झाली, घडांवर ऊन नीट पोचलं नाही. पुढच्या हंगामात पानं वेळेवर काढायला मजूर आधी सांगून ठेवणार आहेत. एवढी थेट माहिती मोठ्या ठिकाणच्या चकचकीत ओट्यावर सहसा मिळत नाही.

रोझे शिराजचीच, साली काही तास रसात ठेवून काढलेली. डाळिंबाच्या दाण्याचा रंग, स्ट्रॉबेरीचा वास, चव जवळजवळ कोरडी. उन्हाळी संध्याकाळी ही बाटली झपाट्याने संपेल. वासाचा जोर कमी आहे, त्यामुळे एकटी प्यायला थोडी पातळ वाटते.

मग शिराज, 650 रुपये. जांभूळ, काळी मिरी, थोडा धूर. पिंपाऐवजी ओकचे तुकडे टाकीत सोडून हा धूर आणलेला आहे आणि तसं लेबलवर कुठे मिरवलेलं नाही. पहिल्या घोटाला तुरटपणा जिभेवर फार उकळलेल्या चहासारखा बसतो. अर्धा तास ग्लासात हवा लागू दिल्यावर तो मऊ होतो आणि जांभूळ पुढे येतं. एक गोष्ट मला खटकली: अल्कोहोलची ऊब घशात जरा जास्त जाणवते. साखर जास्त भरल्याशिवाय साल पिकत नाही, ही माळावरच्या शिराजची अडचण आहे. तरी स्वच्छ, सरळ, फळाची वाइन. याच पैशात बाहेरून आलेली, करांनी फुगलेली रेड वाइन मिळत नाही आणि मिळाली तर ती इतकी ताजी नसते.

शेवटी 350 रुपयांची गोड, पोर्ट म्हणून विकली जाणारी. गोव्यात आणि कोकणात नाताळला, बाळंतिणीच्या खोलीत, म्हाताऱ्या माणसांच्या कपाटात जी बाटली वर्षानुवर्षं दिसते, तिचीच ही बहीण. मनुका, गूळ, थोडी लवंग. मला ती जड झाली. पण वायनरीचा महिन्याचा पगार हीच बाटली काढते, असं सूनबाई म्हणाल्या. जी वाइन घरातल्या दिव्याला तेल पुरवते तिच्याकडे नाक मुरडायचं मला कारण दिसत नाही. तीही त्याच धुतलेल्या टाकीतून आलेली आहे.

तिखटाशी गाठ

ओट्यावर चाखलेली वाइन आणि ताटाशेजारची वाइन वेगळी वागते. युरोपातली जुळवाजुळव इथे फारशी उपयोगाची नाही. आपल्या जेवणात एकाच ताटात तिखट, आंबट, गोड, तेलकट सगळं येतं. मिरचीचा जाळ अल्कोहोल वाढवतो आणि तुरटपणा त्या जाळावर आणखी चढतो. म्हणून झणझणीत काळ्या रश्श्याबरोबर शिराज घेतली तर दोघांचंही नुकसान होतं. शिराजला सुकं मटण द्यावं, भरली वांगी द्यावी, दाण्याचं कूट आणि खोबरं असलेलं काहीही द्यावं. तेलाने आणि कुटाने तिचा तुरटपणा वळणावर येतो.

चेनिन मात्र आपल्या ताटात रुळते. तिच्यातली थोडी गोडी मिरचीला सांभाळते, आंबटपणा तळलेल्याला कापतो. कोथिंबीर वडी, अळूवडी, थालीपीठ आणि लोणी, साबुदाणा वडा यांतल्या कशाहीबरोबर ती घ्या. नाशिकची मिसळ आणि गार रोझे ही जोडी मला सूनबाईंनी सुचवली, आणि ती खरंच जमते. तळलेल्या सुरमईला सोव्हिन्योचा हिरवेपणा लिंबाचं काम करतो.

तापमानाबद्दल एवढं सांगायलाच हवं की रेड वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी हा सल्ला थंड देशातल्या दगडी घरांचा आहे. मे महिन्यात आपल्या खोलीत ती कोमट, सैल आणि जळजळीत लागते. प्यायच्या आधी अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवावी. पांढरी चांगली गार हवी, पण बर्फ घालू नये. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकते.

फळीवरचा उन्हाळा

पावसाळ्यात मी पुन्हा गेले, तेव्हा जाता जाता नाशिकमधल्या एका दुकानातून याच वायनरीची चेनिन विकत घेतली. ओट्यावर दोन ग्लास शेजारी ठेवले: एकात दुकानातली, एकात शेडमधली. हंगाम तोच, टाकी तीच. शेडमधल्या वाइनला अननस आणि पेरू होता. दुकानातलीचा रंग गडद झाला होता, वासाला कापून ठेवलेल्या सफरचंदासारखी मरगळ आणि चव सपाट. वाइनमेकरने एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. तो काही बोलला नाही.

चांगली स्वस्त वाइन बनवणं नाशिकला जमलं आहे, ती चांगल्या अवस्थेत ग्लासापर्यंत नेणं अजून जमलेलं नाही, असं माझं मत त्या ओट्यावर पक्कं झालं. एप्रिल-मेमध्ये बाटली पत्र्याच्या गोदामात पडून राहते, मग टेम्पोत उन्हातून जाते, मग दुकानाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, ट्यूबलाइटच्या खाली उभी राहते. खालच्या थंड कपाटात बिअर असते, कारण ती रोज खपते. व्हिस्की फळीवर वर्षभर राहिली तरी तिला काही होत नाही. त्यामुळे दुकानदारालाही वाइन नाशवंत आहे असं वाटत नाही. महागडी वाइन निदान कपाटात ठेवली जाते. हाल होतात ते 550 च्या बाटलीचे, आणि गिऱ्हाईक मात्र ठरवतं की छोट्या वायनरीची वाइन वाईट असते.

यावर वाचकाच्या हातात थोडं आहे. लेबलवर हंगामाचं वर्ष असतं. स्वस्त पांढरी आणि रोझे यंदाची किंवा फार तर गेल्या वर्षीची घ्यावी, जुनी म्हणजे चांगली हा समज या बाटल्यांना लागू नाही. काचेतून रंग बघावा, पांढरी वाइन पिवळसर-तपकिरी दिसली तर सोडून द्यावी. आणि शक्य असेल तर वायनरीच्या दारातून घ्यावी.

दारातली विक्री वायनरीलाही सगळ्यात फायद्याची आहे, मधले वाटे वाचतात. आबांचा हिशेब ऐकला तर बाटलीतल्या द्राक्षावर जेवढा खर्च होतो, जवळपास तेवढाच काच, झाकण, लेबल आणि खोक्यावर होतो. राज्यात वाइनवर 20 टक्के व्हॅट आहे. त्यातले 16 टक्के उत्पादकाला परत देण्याची योजना आहे आणि छोट्यांच्या दृष्टीने ती फार मोलाची आहे, पण परतावा हातात येईपर्यंत भांडवल अडकून पडतं. शेजारच्या राज्यात विकायचं तर तिथलं लेबल नोंदणीचं शुल्क वेगळं, कर वेगळे, कागद वेगळे. वर्षाला काही हजार खोकी भरणारा माणूस ते करू शकत नाही. त्यामुळे दिंडोरीची वाइन बंगळुरूला न जाता दिंडोरीच्या पंचक्रोशीतच गिऱ्हाईक शोधते.

उभी आणि आडवी

जानेवारी 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत आणि सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. गदारोळ झाला, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, आणि निर्णय अमलात आला नाही. आबांना त्याचं दुःख आहे. वातानुकूलित दुकानात त्यांची बाटली निदान उन्हापासून वाचली असती.

मला ही बाजू समजते, आणि दुसरीही. या राज्यात गावोगावच्या बायकांनी मतदान करून ‘आडवी बाटली’ जिंकवली आणि दारूची दुकानं बंद पाडली. त्यामागे मार खाल्लेली, पगार संपलेली, मुलांच्या फी बुडालेली घरं होती. वाइन शेतमालापासून बनते हे खरं, तिच्यात साडेबारा टक्के अल्कोहोल असतं हेही तितकंच खरं. आबांच्या टोळीतल्या मुकादमबाईंचा भाऊ दारूने गेला. ती वाइनची द्राक्षं तोडते, वाइन पीत नाही. वाइन म्हणजे दारू नव्हे, असं तिला कुणी समजावू नये असं मला वाटतं. परवडणारी चैन म्हणून मी ज्या बाटलीबद्दल लिहिते आहे ती दोघा-तिघांनी जेवणाबरोबर वाटून घ्यायची आणि उरलेली झाकण लावून ठेवायची आहे. सूनबाई ओट्यावर प्रत्येकाला मोजूनच ओततात, आणि गाडी चालवणाऱ्याला द्राक्षाचा ताजा रस देतात. हंगामात तो रस मी प्याले, तो वाइनइतकाच लक्षात राहण्याजोगा होता.

त्या खोलीत येणारी माणसंही बघण्यासारखी आहेत. निवृत्त बँक अधिकारी आणि त्यांची पत्नी, ओझरच्या कारखान्यातले मित्र, वणीच्या गडावरून परतताना थांबलेलं आणि बाटली घ्यावी की नाही यावर कुजबुजणारं एक तरुण जोडपं. किंमत विचारायला कुणी लाजत नाही. “गोड कोणती?” हा पहिला प्रश्न, आणि पुढच्या खेपेला तेच लोक चेनिन मागतात, असा सूनबाईंचा अनुभव आहे.

छाटणीआधी

सप्टेंबरमध्ये शेडमध्ये चेनिनची थोडीच खोकी शिल्लक होती. आबांना पुढच्या हंगामात ती वाढवायची आहे. स्वतःच्या रानात जागा नाही, म्हणून शेजाऱ्याच्या मुरमाड तुकड्याची बोलणी चालू होती. शेजारी पडवीत बसला होता. त्याच्या डोक्यात 2009 ताजं होतं आणि त्याची अट एकच होती: भाव लागवडीआधी कागदावर, ब्रिक्सप्रमाणे दर चढता, आणि वायनरीने माल उचलला नाही तरी ठरलेल्या पैशातला अर्धा हिस्सा. आबांनी बराच वेळ आकडेमोड केली. अर्ध्यावर ते तयार नव्हते, शेवटी एक तृतीयांशावर दोघं आले. वाइनमेकरने स्वतःची एक अट घातली: एकरी पाच टनांवर माल नको, जास्तीचे घड कापायला तो स्वतः उभा राहणार.

दुकानांचं काय करायचं, यावरही त्या दिवशी निर्णय झाला. नाशिकमधल्या ज्या दुकानदारांकडे थंड कपाट आहे त्यांनाच चेनिन द्यायची, बाकीच्यांना फक्त शिराज आणि गोड. विक्री सुरुवातीला घटेल, हे आबांना ठाऊक आहे. खोक्यावर आता बाटली भरल्याचा महिना मोठ्या अक्षरांत छापला जाणार आहे, आणि सहा महिन्यांत न खपलेली पांढरी वाइन वायनरी परत घेणार आहे. भाव 550 वरच राहील. घरच्या चेनिनची छाटणी, पाऊस उघडला तर, दसऱ्यानंतर लगेच धरली आहे.